धाकटी क्लॅरिनेट हाती केव्हा घ्यावी?

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या किनाऱ्यावर जी गावे अजून आपला बँड टिकवून आहेत, त्या गावांत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. बँडात दोन-तीन वर्षे थोरली क्लॅरिनेट फुंकून थोडाबहुत तयार झालेला एखादा मुलगा असतो. आठवी-नववीत शिकणारा, फार तर नुकताच कॉलेजात आलेला. त्याच्या हाती आता धाकटी क्लॅरिनेट द्यावी की आणखी थांबावे, हा तो वाद. मास्तर म्हणतात, ‘देऊन टाकू, शिकेल वाजवता वाजवता.’ मुलाचे वडील म्हणतात, ‘लहान वाद्य आहे, मुलाला सोपे जाईल.’ मुलगा तर काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलाच असतो! या तिघांच्याही म्हणण्यात घाई आहे आणि त्या घाईची किंमत शेवटी एकट्या मुलाला मोजावी लागते, असे माझे मत आहे.

वाचकांपैकी अनेकांना क्लॅरिनेट एवढे एकच काळे, लांबट वाद्य ठाऊक असेल. वरातीत पुढे चालणारे मास्तर जे वाजवतात, ते. वास्तविक क्लॅरिनेटचे एक मोठे कुटुंबच आहे. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग शहरी योहान क्रिस्टॉफ डेनर नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले, आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्याची लहानमोठी भावंडे जन्माला आली. आपल्याकडे रूढ आहे ती ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेट. तिची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर. तिलाच मी या लेखात थोरली म्हणतो. धाकटी ती ‘ई फ्लॅट’. लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर, म्हणजे थोरलीच्या पाऊण पटीहून थोडी कमी. दोन्हींवर बोटे तीच, चाव्या त्याच; पण बोटे तशीच ठेवून फुंकले तर धाकटीचा स्वर थोरलीपेक्षा मध्यमाच्या अंतराने चढा निघतो. थोरलीचा जो मध्यम, तो धाकटीचा षड्ज. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर थोरलीवर ज्या बोटांनी काळी पाच वाजते, त्याच बोटांनी धाकटीवर काळी दोन वाजते.

पलटणींच्या बँडांत धाकटीला मानाची जागा असते. थोरल्या आठ-दहा असतात. धाकटी एक, फार तर दोन. मोकळ्या मैदानात चाल ऐकू जावी, सगळ्यांच्या वरून तिची रेघ स्पष्ट दिसावी, हे तिचे काम. युरोपातील मोठ्या संगीतकारांनीही तिचा हा स्वभाव ओळखला होता. बर्लिओझने १८३० मध्ये आपल्या ‘सिंफनी फँटास्टिक’च्या शेवटच्या भागात प्रेयसीची चाल विद्रूप, कुचेष्टेची करून दाखवायची तेव्हा ती धाकटीच्या तोंडी दिली. राव्हेलच्या ‘बोलेरो’त (१९२८) मात्र तीच धाकटी अगदी मवाळ होऊन चाल गाते. चिरकी आणि गोड ही दोन्ही रूपे तिच्यात आहेत. कोणते रूप बाहेर पडेल ते वाजवणाऱ्याच्या ओठांवर ठरते, आणि सारा प्रश्न येथेच आहे.

‘लहान म्हणजे सोपे’ हा समज मुळातच चुकीचा आहे. आपण होडीचे उदाहरण घेऊ. मोठ्या मचव्यात माणूस एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला तर मचव्याला त्याची दादही नसते. लहान होडीत नुसते वळून बसले तरी ती कलते. धाकटी क्लॅरिनेट अशीच आहे. तिचा माउथपीस लहान, रीड लहान, नळी आखूड. ओठ केसभर सैल पडला तरी स्वर उतरतो, केसभर आवळला तरी चढतो. थोरलीवर जी चूक ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, ती धाकटीवर चारचौघांत बोंब मारते. शिवाय ती सर्वांच्या वरच्या पट्टीत वाजत असल्यामुळे तिला लपायला जागाच नाही. दहा जणांच्या बँडात थोरली वाजवणारा तिसरा मुलगा थोडा बेसूर झाला तर निभावून जाते. धाकटीवाला बेसूर झाला तर सगळा बँड बेसूर ठरतो. लहान तोंडी मोठा घास म्हणतात तो हाच.

आता या वाद्याची एक खोड सांगणे भाग आहे, कारण ती समजल्याशिवाय ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. बासरी किंवा सनई जोराने फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. तिची नळी सरळ, एकाच रुंदीची आणि रीडच्या बाजूने बंद असल्यासारखी वागणारी. त्यामुळे मागची अंगठ्याची चावी दाबली की खालच्या सा चा वरच्या सप्तकातला पंचम होतो. म्हणजे खालच्या मजल्याची बोटे आणि वरच्या मजल्याची बोटे यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. या दोन मजल्यांच्या मध्ये जो जिना आहे, तो फार अडचणीचा आहे. खालचा मजला संपतो तेव्हा जवळजवळ सगळी बोटे मोकळी असतात, आणि वरचा मजला सुरू होताच सगळी बोटे एकदम छिद्रांवर बसवावी लागतात. त्यात जिन्याच्या अगदी तोंडाशी असलेला स्वर सर्वांत दुबळा. त्याचे कारणही गमतीचे आहे. तेथे एकाच बारीक छिद्राला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. वरच्या मजल्यासाठी हवा फोडण्याची एक, आणि स्वतःचा स्वर देण्याची दुसरी. दोन नोकऱ्या करणारा माणूस एकही नीट करीत नाही, तसेच या छिद्राचे होते. स्वर घोगरा, दबलेला निघतो. क्लॅरिनेट शिकणाऱ्याची पहिली दोन वर्षे या जिन्यावरच जातात आणि ती तशी जायलाच हवीत.

हा दुबळा स्वर आणि हा जिना आपल्या गाण्यात कोठे येतो, यावर वाद्याची निवड अवलंबून असायला हवी. पण आपल्याकडे हा विचार फारसा होत नाही, म्हणून तो येथे थोडा सविस्तर मांडतो. आता पुष्कळ बँडांबरोबर हातगाडीवर माइक असतो आणि गायक किंवा गायिका असते. समजा, पुरुष गायक काळी एकमध्ये गातो आहे. थोरलीवर काळी एकचा सा धरला की तो दुबळा स्वर पंचमावर येतो आणि जिना पंचम-धैवताच्या मध्ये पडतो. चालवून घेता येते. याच पट्टीला धाकटी घेतली तर दुबळा स्वर नेमका षड्जावरच येतो आणि सा वरून रे वर जातानाच जिना चढावा लागतो. ज्या स्वरावर सारखे येऊन विसावायचे, तोच घोगरा! आता उलट समजा, गायिका काळी चारमध्ये कोळीगीत म्हणते आहे. थोरलीवर काळी चारचा सा घेतला की ही सगळी आपत्ती थोरलीवर येते. तार सा दबतो, सा-रे मध्ये अडखळायला होते. धाकटीवर मात्र तोच दुबळा स्वर मध्यमावर सरकतो, जिना मध्यम-पंचमाच्या मध्ये जातो आणि तार सा खणखणीत लागतो. एकूण, धाकटी ही थोरलीच्या पुढची पायरी नव्हे. काही पट्ट्यांना थोरली बरी, काहींना धाकटी बरी. वरचा वर्ग पास झाला की खालच्या वर्गाची पुस्तके विकून टाकतात, तसा हा प्रकार नाही.

ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला एका पेटीत दोन वाद्ये घेऊन बसतो, हे अनेकांनी चित्रपटांत पाहिले असेल. पण ती दुसरी क्लॅरिनेट ‘ए’ पट्टीची, थोरलीपेक्षा अर्ध्या स्वराने खाली आणि किंचित लांब. तोच माउथपीस काढून तिच्यावर बसवता येतो; ओठांना काही कळतही नाही. धाकटीचे तसे नसते. तिचा माउथपीस वेगळा, रीड वेगळी, ओठांची पकड वेगळी. म्हणून ‘दोन वाद्ये वाजवणारे जगात किती तरी आहेत’ हा दाखला येथे लागू पडत नाही.

थांबण्याच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा ओठांचा आहे. क्लॅरिनेट फुंकताना खालचा ओठ दातांवर वळवून त्यावर रीड टेकवतात. ओठांच्या कडांचे स्नायू तयार व्हायला महिने नव्हे, वर्षे लागतात. ते तयार नसले की मुलगा काय करतो? जबड्याने चावतो. दातांच्या जोरावर वरचे स्वर काढतो. धाकटीवर ही खोड फार लवकर जडते, कारण चावल्यावर स्वर निघतो आणि निघालेला स्वर ऐकून मास्तर खूश होतात. रात्रीच्या वरातीत तीन-तीन तास असे चावून वाजवले की ओठाच्या आतल्या बाजूला जखम होते. पुढे मुलगा थोरलीकडे परत येतो तेव्हा तिच्यावरही तो चावूनच वाजवतो आणि तिचा भरदार खालचा स्वर त्याला कायमचा पारखा होतो. पकड आधी सैल, भरलेली, स्थिर व्हायला हवी. मग तीच पकड थोडी आवळून धाकटीवर नेता येते. उलटा प्रवास फार थोड्यांना साधतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, तो मी टाळणार नाही. लहान मुलांची बोटे आखूड असतात, थोरलीची छिद्रे त्यांना पुरत नाहीत. मग त्यांनी शिकायचे तरी कशावर? हा आक्षेप खरा आहे. इंग्लंडमध्ये ग्रॅहम लायन्स या शिक्षकाने गेल्या शतकाच्या अखेरीस याच अडचणीवर उपाय म्हणून मुलांसाठी प्लास्टिकची हलकी, ‘सी’ पट्टीची क्लॅरिनेट तयार केली. परंतु त्याने ‘सी’ का निवडली, ‘ई फ्लॅट’ का नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘सी’ क्लॅरिनेट थोरलीपेक्षा एका पूर्ण स्वरानेच चढी असते. बोटांना आराम मिळतो आणि ओठांवर फारसा ताण येत नाही. शिवाय पांढरी एक म्हटली की पांढरी एकच वाजते, त्यामुळे पेटीबरोबर बसून शिकता येते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाद्य द्यायचेच असेल तर ‘सी’ द्यावे, किंवा दोन वर्षे साधी बासरी द्यावी. धाकटी हे मुलांचे वाद्य आहे, अशी समजूत केवळ तिच्या आकारावरून झालेली आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी हे वाद्य नावारूपाला आणले. सनईच्याच जातीचे, पण तिच्यापेक्षा बरेच लहान. त्या घराण्यातील वादकांनी सुंदरी हे दुय्यम वाद्य मानले नाही. तिच्यावर राग मांडले, मैफली केल्या. मग क्लॅरिनेटवाल्याने धाकटीलाच आपले मुख्य वाद्य का मानू नये? खुशाल मानावे! माझा विरोध धाकटीला नाहीच. पण सुंदरी वाजवणाऱ्यांच्या घरात फुंकीचे संस्कार लहानपणापासून होत आले. तेथे वाद्य लहान असले तरी विद्या लहान नव्हती. आपल्या बँडातल्या मुलाला घराणे नाही, रोजचा गुरू नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात जे मिळते, तेवढेच त्याचे शिक्षण. त्याच्यासाठी थोरली हीच शाळा आहे. कर्नाटक संगीतात क्लॅरिनेटला मानाचे स्थान मिळवून देणारे ए. के. सी. नटराजन, हिंदुस्थानी संगीतात तिच्यावर ख्याल मांडणारे रायचूरचे नरसिंहलू वडवाटी, किंवा चित्रपटगीतांच्या तबकड्यांमुळे एके काळी घरोघर पोहोचलेले मास्टर इब्राहिम, यांची नावे आपल्या मुलांना माहीतही नसतात. एक क्लॅरिनेट माणसाला किती दूर नेऊ शकते, हे त्यांनी ऐकले तर धाकटीची घाई आपोआप थोडी ओसरेल.

आता घाईची खरी कारणे पाहू. पहिले कारण डीजे. हळदीच्या रात्री आगरी-कोळी वाड्यांत पूर्वी बँड वाजे, मग बेंजो आला, आणि त्यानंतर भिंतीएवढे स्पीकर आले. त्या आवाजापुढे थोरली क्लॅरिनेट ऐकूच येत नाही, तेव्हा काही तरी चिरके, टोकदार हवे, असे बँडचालकांना वाटते आणि त्यांना धाकटी आठवते. मला हा विचार मुळीच पटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास त्यांनी मनाई केलेली आहे. त्या नियमाचे पालन किती होते हा वेगळा विषय आहे, त्यात येथे शिरत नाही. पण डीजेशी आवाजात स्पर्धा करून कोणताही बँड जिंकणार नाही. ४९ सेंटिमीटरची लाकडी किंवा एबोनाइटची नळी विजेच्या भोंग्याला काय हरवणार? बँडाला ज्या गोष्टी जमतात आणि डीजेला जमत नाहीत, त्या वेगळ्या आहेत. नवरीच्या आईचे डोळे भरून आलेले पाहून चाल संथ करणे, देवळासमोर पालखी थांबली की सूर बदलणे, म्हाताऱ्या आजीने सांगितलेले जुने गाणे तिथल्या तिथे उचलणे. धवलारीण धवला म्हणू लागली की बँडाने गप्प राहणे हेही त्यातच आले. या कामाला कान लागतात, भरदार स्वर लागतो आणि तो थोरलीवर कमावता येतो.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि त्याबद्दल मला तोंड वर करून बोलता येत नाही. सुपारी घेतली की बँडचालक प्रत्येकाला त्याच्या वाद्याप्रमाणे आणि जागेप्रमाणे मजुरी देतो. पुढच्या रांगेत, एकट्याने वाजवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. ज्याचे वडील मासेमारीच्या बंदीत दोन महिने घरी बसतात, त्या मुलाला ‘अजून दोन वर्षे थांब’ असे सांगणे सोपे नाही. कॉलेजची फी, बसचा पास, बहिणीची वह्या-पुस्तके त्या मजुरीतून होतात. आपल्या वर्गातही असे विद्यार्थी आहेत. लग्नसराईत सकाळच्या तासाला डुलक्या घेणारे सगळेच आळशी नसतात, हे आमच्या काही प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे! पण याच कारणासाठी मी थांबायला सांगतो. ओठ बिघडलेला वादक तीन-चार हंगाम कमावतो आणि मग बँडचालक दुसरा मुलगा शोधतो. ज्याने आपली फुंक जपली, तो साठाव्या वर्षीही वाजवतो. मुलाला पैशाची नड असेल तर बँडचालकाने त्याला थोरलीवरच थोडी अधिक मजुरी द्यावी. ते बँडालाही परवडते. धाकटी विकत घेऊन, तिच्या रीडी आणून, तिचे पॅड बदलून जो खर्च होतो, त्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. थोरलीची रीड आपल्याकडे खटपट करून मिळते. धाकटीच्या रीडीसाठी मात्र मांडव्याहून लाँच किंवा रो-रो धरून मुंबईला, धोबी तलावाच्या बाजूला जावे लागते, आणि तेथेही हवी त्या नंबरची मिळेल याची खात्री नसते. मग जुने वादक थोरलीचीच रीड बुडाशी कापून, कडा घासून धाकटीला बसवतात. हे कसब आहे आणि ते शिकण्यासारखे आहे; परंतु ज्याला थोरलीची चांगली रीड आणि वाईट रीड फुंकून ओळखता येत नाही, त्याला ते कसे साधणार? त्यात आपली खारी हवा. पावसाळ्यात रीड फुगते, तिच्यावर बुरशी धरते; चाव्यांचे पॅड सुजतात आणि छिद्रे नीट बंद होत नाहीत. लाकडी वाद्य एकदा दमट, एकदा कोरडे होऊन तडकते. म्हणून किनाऱ्यावर एबोनाइट किंवा प्लास्टिकचेच वाद्य बरे. धाकटीत हे सारे दोष दुप्पट जाणवतात, कारण तिची छिद्रे बारीक आणि पॅड चिमुकले. थोरलीवरचे गळके पॅड ओळखून ते स्वतः बदलता येणे ही मी धाकटीची एक पूर्वअटच मानतो.

मग केव्हा? वयाचे बंधन मला मान्य नाही. अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात अनाथ मुलामुलींना घेऊन वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यांनी मुलांची वये मोजत बसले नसावेत. ‘अमुक वर्षे झाली की’ हेही मला मान्य नाही. आठवड्यातून दोनदा वाद्य हाती धरणाऱ्याची तीन वर्षे ही रोज बसणाऱ्याच्या एका वर्षाबरोबर असतात. ‘मास्तर सांगतील तेव्हा’ हे उत्तर आपल्या संस्कारांना धरून आहे, पण मास्तरांवरही हंगामाचे दडपण असते, हे विसरून चालणार नाही. मला वाटते, मुलाने स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी. तंबोऱ्याशी किंवा मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी जुळवून थोरलीवर एक सा एका श्वासात धरावा, हळू सुरू करून मोठा करावा, पुन्हा हळू करावा, आणि तो एवढ्यातही चढू-उतरू नये. तो जिना चढताना आणि उतरताना बोटांचा विचार मनात येऊ नये; ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर जिना कोठे आहे हे त्याला सांगता येऊ नये. एकच चाल काळी एकमध्ये आणि काळी चारमध्ये, दोन्हीकडे थोरलीवरच वाजवता यावी, भले काळी चारमध्ये कष्ट पडोत. ते कष्ट पडले, त्यांचे कारण कळले, आणि मग ‘येथे धाकटी असती तर’ असे मनात आले, की वेळ झाली असे समजावे. वाद्याची गरज आधी कानाला लागावी, हाताला मागाहून. आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. बँडात धाकटीची जागा खरोखर रिकामी आहे का, आणि हा मुलगा उठला तर थोरलीच्या रांगेत त्याची जागा भरणारा कोणी आहे का? एका बँडात दोन धाकट्या झाल्या की त्या एकमेकींशी भांडतात. दोन बारीक सूर किंचित जरी वेगळे लागले तरी कान किटतात.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी, याबद्दलही माझे मत ठाम आहे. तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि ती ज्येष्ठापर्यंत चालते. या सात-आठ महिन्यांत नवे वाद्य हाती घेणे म्हणजे भर समुद्रात होडीची फळी बदलण्यासारखे आहे. आषाढ लागला की चार महिने थोडी उसंत मिळते. मधे नारळी पौर्णिमा, गणपती, नवरात्र येतात, पण ती कामे थोरलीवर भागतात. पावसाळ्याच्या संध्याकाळी घरात बसून, रोज आधी अर्धा तास थोरली आणि मग फक्त दहा मिनिटे धाकटी, असा क्रम ठेवावा. ओठ दुखू लागला की थांबावे. दुखणाऱ्या ओठाने घेतलेला रियाज हा रियाज नव्हे. पहिले दोन महिने वरचे स्वर मुळीच काढू नयेत. खालच्या मजल्यावर धाकटीचा आवाज फार गोड, काहीसा बासरीसारखा असतो. तो बँडवाल्यांच्या सहसा लक्षातही येत नाही, कारण तिला विकत घेतल्याबरोबर ते तिला किंचाळायला लावतात. दिवाळीनंतर पहिल्या दोन-तीन सुपाऱ्यांत एखादेच गाणे, तेही गायिकेच्या पट्टीचे, धाकटीवर वाजवावे आणि बाकीची रात्र थोरलीवर काढावी.

राहता राहिला एक व्यवहार. धाकटी घ्यायला पैसे कमी पडतात म्हणून थोरली विकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. विकणारा मुलगा असेल तर त्याच्या वडिलांनी, आणि वडीलच असतील तर मुलाने, त्यांना अडवावे. पैसे जमेपर्यंत धाकटी बँडाच्या मालकीची असू द्यावी, मुलाने ती मागून वाजवावी. माउथपीस मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचा घ्यावा, कारण तो दुसऱ्याच्या तोंडातला घेणे आरोग्याला बरे नाही आणि ओठालाही रोज तीच कड लागते. थोरली कोरड्या फडक्यात गुंडाळून, जमिनीपासून वर, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावी आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी काढून वाजवावी. पुढच्या वर्षी बँडात नवीन मुलगा येईल तेव्हा त्याला शिकायला तीच लागणार आहे.